जुना पीसी: आधी काय बदलायचं, कशाला हात लावायचा नाही

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तेव्हापासून प्रश्नांचा सूर एकच आहे: “आता नवाच घ्यावा लागेल का?” बहुतेकांना नाही. या वेळी नाशिक आणि जिल्ह्यातल्या वाचकांचे प्रश्न.

२०१४चा डेस्कटॉप आहे. आय३ चौथी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सुरू व्हायला पाच मिनिटं, ब्राउझर उघडायला आणखी दोन. दुकानदार म्हणतो, यावर विंडोज ११ चढत नाही, नवा घ्या. वापर म्हणजे बँक, ईमेल, रेल्वेची तिकिटं आणि नातवाशी व्हिडिओ कॉल.
— निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड

दुकानदाराचं पहिलं वाक्य खरं आहे. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. दुसरं वाक्य मात्र विक्रीचं आहे. तुमचा पीसी प्रोसेसरपायी रखडत नसावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जा. सुरू केल्यावर चार-पाच मिनिटं डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि सीपीयू निम्म्याच्याही खाली असेल, तर घोडं कुठे अडलंय ते दिसलंच. फिरत्या तबकडीच्या डिस्कला इकडेतिकडे विखुरलेल्या बारीक फायली सेकंदाला शे-सव्वाशेच वाचता येतात. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपची डिस्क, हेच काम हजारोंच्या हिशेबाने करते. विंडोज सुरू होताना काम असतं ते याच बारीक वाचनाचं. म्हणून खोक्यावरच्या ‘५५० एमबी प्रति सेकंद’ या आकड्याला भुलायचं कारण नाही. तुमच्या कामात साधी आणि महाग एसएसडी यांतला फरक कळणारही नाही.

तेव्हा आधी एसएसडी, मग रॅम, आणि तिथेच थांबायचं. २.५ इंची साटा (हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणारी) एसएसडी मागा. चपटी एम.२ पट्टी देऊ केली तर घेऊ नका, त्या काळच्या साध्या मदरबोर्डवर तिची जागाच नसते. घेताना क्षमता नीट बघा. हार्ड डिस्क ५०० जीबीची आणि एसएसडी ४८० जीबीची घेतली, तर क्लोनझिलासारखा मोफत प्रोग्रॅम ‘नवी डिस्क लहान आहे’ म्हणून जशीच्या तशी नक्कल करायला नकार देतो. आत डेटा ८० जीबीच असला तरी! जशीच्या तशी नक्कलच हवी असेल तर ५०० किंवा ५१२ जीबीची घ्या.

आमचं मत विचाराल तर नक्कल करूच नका. अकरा वर्षांचा गाळ नव्या डिस्कवर कशाला न्यायचा? ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज १०चं सेटअप तयार करा. पीसी बंद करून वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट उतरतो. हार्ड डिस्कची डेटा केबल सोडवा आणि एसएसडी एकटीच जोडा. चौथ्या पिढीच्या स्वस्त बोर्डांवर चारपैकी दोनच पोर्ट ६ गिगाबिटचे असतात. बहुधा त्यांचा रंग वेगळा असतो किंवा शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, जोडणी तिथेच करा. पॉवरचं टोक कमी पडलं तर डीव्हीडी ड्राइव्हचं काढून घ्या, तो किती वर्षांत उघडलाय? बसवायला पट्टी मिळाली नाही तर दुहेरी चिकटपट्टीने कॅबिनेटच्या आत चिकटवली तरी चालते. आत फिरणारं काहीच नसल्यामुळे थरथर नाही.

बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, साटा मोड ‘एएचसीआय’ आहे ना ते विंडोज टाकण्याआधी बघा. ‘आयडीई’वर टाकून नंतर बदललात तर निळा पडदा येतो. सेटअप ‘प्रॉडक्ट की’ मागेल तिथे ‘माझ्याकडे की नाही’ निवडा आणि आवृत्ती पूर्वीचीच घ्या, होम असेल तर होम. परवाना मदरबोर्डला बांधलेला असतो, नेट मिळालं की आपोआप लागू होतो. सगळं स्थिरावलं की जुनी डिस्क परत जोडा आणि फोटो-कागद उचला. ती लगेच फॉरमॅट करू नका, महिनाभर तशीच राहू द्या. काय राहून गेलं ते तेवढ्यात आठवतं.

रॅम डीडीआर३ची आहे. १.५ आणि १.३५ व्होल्ट, दोन्ही पट्ट्या तुमच्या पिढीच्या डेस्कटॉपला चालतात. डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटेल. आत्ता एक पट्टी ४ जीबीची असेल तर दुसरी ४ची घाला. एकूण ८ पुरे. २०२५च्या अखेरीपासून नव्या रॅमचे भाव चढले आहेत, पण डीडीआर३ आता मिळते ती बहुधा काढलेलीच. ती घेताना बदलून देण्याची बोली करून घ्या आणि घरी मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. एक जरी चूक दाखवली तरी परत करा. पट्टी घातल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. पट्टी काढा, सोनेरी दातांवर साधं पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, भुसा झटका आणि दोन्ही टोकांना ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. दहापैकी आठ वेळा दोष एवढाच असतो.

सुरक्षेचं काय, हा रास्त प्रश्न. विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती असेल तर सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षेसाठी नाव नोंदवायची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर नोंदणी फुकट आहे. अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत येतील. त्यापुढे याच पीसीवर लिनक्स मिंट, ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम, टाकता येईल. त्याबद्दल शेवटच्या प्रश्नात. अटी चुकवून विंडोज ११ चढवायच्या युक्त्या आहेत, पण पुढची मोठी अपडेट अडणार नाही याची हमी कोणी देत नाही. बँकेचं काम ज्यावर चालतं त्यावर तो खेळ नको.

आय५-८४००, ८ जीबी, २५६ जीबी एसएसडी. विंडोज ११ चालेल का ते सांगणारं पीसी हेल्थ चेक म्हणतं ‘टीपीएम २.० सापडत नाही’. दुकानात टीपीएमची वेगळी चिप विकत घ्या म्हणाले. घ्यावी का?
— वाचक, सिडको

अजिबात नाही. टीपीएम म्हणजे विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची चिप, ती तुमच्याकडे आहेच, झोपलेली आहे. बायोसमध्ये इंटेल बोर्डावर तिला ‘पीटीटी’ किंवा ‘प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी’ म्हणतात, एएमडीवर ‘एफटीपीएम’. ती ‘एनेबल’ करा, सेव्ह करून बाहेर या. विंडोज आणि आर दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाइप केलं की ‘वापरास तयार’ आणि आवृत्ती २.० दिसायला हवी. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी रिकव्हरी की लिहून ठेवा. बायोसला हात लावल्यावर तो ती मागू शकतो, आणि ४८ अंकांचा तो आकडा त्या क्षणी कुठे शोधणार?

अडचण पुढे येते ती सिक्युअर बूटला, म्हणजे पीसी सुरू होताना खात्रीचीच सिस्टीम उघडू देणाऱ्या सोयीला. त्यासाठी डिस्कवरच्या कप्प्यांची नोंद नव्या जीपीटी पद्धतीची लागते, जुन्या एमबीआरची नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या नावावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. तिथे ‘एमबीआर’ दिसलं तर बदलावं लागेल. विंडोजमध्ये एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन आहे, टाइप करताना मधला ‘टू’ म्हणजे आकडा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, आधी त्याला ‘व्हॅलिडेट’ सांगा, पास झालं तरच ‘कन्व्हर्ट’. दोन्ही वेळा शेवटी ‘अलाऊफुलओएस’ जोडा आणि प्रत्येक शब्दाआधी तिरकी रेघ (/) द्या. डेटा जात नाही, तरी बॅकअपशिवाय करू नका.

‘व्हॅलिडेट’ नापास व्हायचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे सी, डी, ई असे कप्पे. असेंबल करून देणारे सवयीने ते पाडतात, आणि एमबीआरवर डी-ई बहुधा एका ‘एक्स्टेंडेड’ कप्प्याच्या पोटात असतात. हे साधन असल्या कप्प्यांना हातच लावत नाही. डी आणि ई रिकामे करून काढा, उरलेला मोठा हिरवा चौकोन, म्हणजे तो ‘एक्स्टेंडेड’ कप्पाही काढा, कन्व्हर्ट करा, मग हवे तर पुन्हा पाडा. २५६ जीबीच्या डिस्कवर तीन कप्पे हवेतच कशाला, हा आमचा उलट प्रश्न.

क्रम मोडू नका: आधी कन्व्हर्ट, मग बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद, मग सिक्युअर बूट चालू. सीएसएम आधी बंद केलं तर ‘बूट करण्याजोगी डिस्क नाही’ असं येतं आणि लोकांना वाटतं, डिस्क गेली. गेलेली नसते. सीएसएम परत चालू करा, सगळं जागेवर असतं. ११वर गेल्यावर मन बदललं तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागे येता येतं. तेवढे दिवस ‘डिस्क क्लीनअप’ला सांगून जुनी विंडोज पुसू नका.

आमचा पत्रिका-बिलबुकं छापायचा व्यवसाय आहे. विंडोज ७ची ३२ बिटची मशीन, पेजमेकर, श्रीलिपीचे जुने फाँट, लॉकसकट. मुलगा म्हणतो, नवी मशीन घेऊन सगळं त्यावर टाकू. जमेल का?
— छापखानावाले, पंचवटी

नवी घ्या, पण जुनीला हात लावू नका. तुमचा लॉक, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला पीसीला जोडावा लागणारा डाँगल, चालतो ड्रायव्हरवर, आणि ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चढत नाही. जुने काही प्रोग्रॅम ६४ बिटवर चालतील, पण त्यांचे सेटअप १६ बिटचे असले तर पहिल्याच पायरीला अडतील. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येते. म्हणजे ‘सगळं त्यावर टाकू’ हे वाक्य लॉकपाशीच अडखळतं. आधी सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याला नव्या आवृत्तीचा भाव आणि जुन्या लॉकवर सूट विचारा, मग मुलाशी बोला.

तोवर जुन्या मशीनची नेटची वायर काढून टाका. तिच्यावर नुसती जुळणी करा, पीडीएफ काढा, पेनड्राइव्हने नव्या मशीनवर आणा आणि तिथूनच ग्राहकाला पाठवा. पेनड्राइव्ह परत जाताना नव्या मशीनवर तपासूनच. सगळ्यात तातडीचं काम म्हणजे जुन्या डिस्कची क्लोनझिलाने बाहेरच्या डिस्कवर पूर्ण प्रत. ती डिस्क एक दिवस बसणारच, आणि लग्नसराईतच बसेल. प्रत असेल तर नव्या डिस्कवर उतरवून त्याच दिवशी काम सुरू. लॉक मात्र हरवला तर प्रत काही कामाची नाही, तो मशीनच्या मागे दोऱ्याने बांधून ठेवा.

जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मशीनवर मराठीच दिसणाऱ्या अक्षरांत, आणायला कन्व्हर्टर मिळतात. त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. जुन्या फाँटमध्ये ‘क’ म्हणजे खरं तर एखादं इंग्रजी अक्षर असतं, त्यावर फक्त चित्र ‘क’चं. कन्व्हर्टर कोणत्या इंग्रजी अक्षरावर कोणतं चित्र याच्या तक्त्यावरून बदल करतो आणि अर्ध्या र वर हमखास फसतो. ‘आचाऱ्यांना दक्षिणा’ आणि ‘आचार्यांना दक्षिणा’ यांत एक स्वयंपाकघरातला, एक बोहल्यापाशी. ‘कैऱ्या’, ‘सोयऱ्यांना’, ‘नवऱ्या मुलाचे’ हे शब्द शोधून एकेक तपासा. ऱ्हस्व वेलांटी ‘क्ति’सारख्या जोडाक्षरात भलत्याच जागी जाऊन बसते, तेही बघा. आकडे इंग्रजी झाले आहेत का, तेही. मुहूर्ताच्या वेळेत झालेली चूक ग्राहक विसरत नाही.

नवीन मजकूर मात्र आजपासून युनिकोडमध्येच टाका. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आयता आहे, बोलीप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी फोनेटिकही आहे. इनस्क्रिप्टला हात बसायला दोन-तीन आठवडे लागतात, पण पुढे कोणत्याही मशीनवर, मोबाइलवरसुद्धा, तोच चालतो.

करसल्ल्याचं काम आहे. क्रोममध्ये जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन बंद पडलं. एक जुनी साइट अजून इंटरनेट एक्सप्लोररच मागते. दुपारपर्यंत ३०-४० टॅब उघडे असतात आणि ८ जीबी रॅम कमी पडते. कोणता ब्राउझर चांगला?
— वाचक, महात्मा गांधी रोड

एकच चांगला असं नसतं, दोन ठेवा. क्रोम आणि एज आतून एकाच क्रोमियमवर चालतात. साइट क्रोममध्ये नीट दिसत नाही म्हणून एजमध्ये उघडून बघण्यात सहसा काही हाती लागत नाही. वेगळं इंजिन म्हणजे फायरफॉक्स.

तुमचं एक्स्टेंशन बिघडलेलं नाही. गुगलने एक्स्टेंशनची जुनी चौकट, मॅनिफेस्ट व्ही२, क्रोममधून काढली, त्यात ते गेलं. त्याची ‘लाइट’ आवृत्ती क्रोमवर आहे, थोडी कमी ताकदीची. पूर्ण आवृत्ती फायरफॉक्सवर चालते. वाचन, बातम्या, शोधाशोध फायरफॉक्सवर न्या. डिजिटल सही आणि पोर्टलची कामं एजवर ठेवा, कारण इंटरनेट एक्सप्लोररचा उपाय तिथेच आहे. एक्सप्लोरर ११ला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ला निवृत्त केलं, पण त्याचं इंजिन एजच्या आत शिल्लक आहे. सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउझर, तिथे ‘आयई मोडमध्ये साइट पुन्हा उघडू द्या’ याला परवानगी, एज बंद करून चालू, मग त्या साइटचा पत्ता यादीत घाला. पत्ता पूर्ण लागतो, नुसतं मुख्य नाव नाही. लॉगिनचं पान वेगळं असेल तर तेही वेगळं घाला. नोंद ३० दिवसांनी आपोआप गळते. महिन्याने ‘काल चालत होतं, आज नाही’ झालं तर आधी तिथे बघा.

सही होत नसेल तर ब्राउझरला दोष देण्याआधी घड्याळाशेजारचे बारीक आयकॉन बघा. सहीचा प्रोग्रॅम पाठीमागे चालू नसेल तर पोर्टल टोकन (सहीचं पेनड्राइव्हसारखं साधन) कितीही वेळ शोधत बसतं.

टॅबसाठी रॅम घ्यायच्या आधी सेटिंग्जमधल्या परफॉर्मन्सखालची मेमरी वाचवणारी सोय चालू करा, एजमध्ये तिला ‘स्लीपिंग टॅब्स’ म्हणतात. पडून असलेले टॅब ती झोपवते. मात्र अर्धवट भरलेला फॉर्म झोपला तर जागा होताना कोरा येऊ शकतो. म्हणून पोर्टलचे पत्ते ‘कायम जागे ठेवा’च्या यादीत टाका. पासवर्ड एका ब्राउझरमधून दुसऱ्यात नेताना सीएसव्ही फाइल बनते. ती उघडी वही असते, कुणीही वाचावी अशी. काम झालं की ती पुसा आणि रिसायकल बिनमधूनही काढा.

रोज सकाळी पीसीचं घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असतं आणि प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते. ब्राउझर काढून परत टाकला, विंडोजही टाकली.
— वाचक, ओझर

दोन्ही उगाच केलंत. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे, घड्याळवाल्याकडेही मिळतो. साइटच्या प्रमाणपत्रावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं, तुमची तारीख त्याआधीची दिसली की ब्राउझर ते नाकारतो. वायर काढा, सेलच्या कडेची पितळी चिमटी नखाने मागे ओढली की सेल वर उडतो. नवा घालताना अधिक खूण वर. मग बायोसमध्ये तारीख लावा आणि साटा मोड पूर्वीचाच आहे ना ते बघा. सेल गेल्यावर बायोस मूळ पदावर जातो, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही.

मुलाला गेमसाठी ग्राफिक्स कार्ड हवं आहे. कॅबिनेटबरोबर आलेला ‘४५० वॅट’चा एसएमपीएस आणि ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल?
— वाचक, देवळाली कॅम्प

एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा. १८ असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर जगतात ते याच्यावर, वरचा ४५०चा मोठा आकडा शोभेचा. जीटीएक्स १६५०च्या साध्या आवृत्तीला ७५ वॅट लागतात, ती निभेल. वेगळी पॉवर केबल मागणारं कार्ड घ्यायचं तर एसएमपीएस आधी बदला, कार्ड नंतर. स्वस्त एसएमपीएस जाताना बरोबर बोर्डही घेऊन जातो. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. गेम चालू असताना लाइट गेली तर तो बंद करण्यापुरती दोन-चार मिनिटं देईल, बॅटरी तीन वर्षांची असेल तर तेवढीही नाही. प्रिंटर त्यावर लावू नका, लेझर तर मुळीच नाही.

४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, विंडोज ७ होती. क्रोम अपडेट होत नाही, बँकेची साइट उघडत नाही. कांद्याच्या भावाची बातमी, मेल आणि मराठीत पत्रं, एवढंच काम. लिनक्स टाकू का?
— कांदा व्यापारी, लासलगाव

टाका. विंडोज ७साठी क्रोम १०९व्या आवृत्तीवर, २०२३ साली थांबला, पुढे काही येणार नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट आहेत. पेनड्राइव्हवरून आधी न बसवता चालवून बघा. वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतोय का, झाकण मिटून उघडल्यावर जागा होतोय का. वायफाय नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून नेट द्या आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा, बऱ्याचदा तिथूनच मिळतो. प्रिंटरचं एक पान काढून बघा. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंग्जमध्ये ‘लेआउट’खाली सापडतो. हे सगळं जमलं तरच ‘इन्स्टॉल’वर क्लिक करा. त्याआधी सी-डीमधली हिशेबाची फोल्डरं दोन वेगळ्या जागी उतरवा, कारण सेटअपमधला ‘डिस्क पुसा’ हा पर्याय सगळी डिस्क पुसतो, नुसता सी नाही. टॅली त्यावर चालवायची असेल तर मात्र थांबा. ती विंडोजसाठी आहे, लिनक्सवर कशीबशी चालवून हिशेब ठेवण्यात अर्थ नाही.